वहिनीचा परवाना आणि माझी खोली

वहिनीचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला चांगुलपणाचा दाखला द्यायला नको. मला पत्रकं लिहायची सवय आहे. पहिल्या ओळीत मुद्दा नसला तर माणूस पत्रक चुरगळतो, नाहीतर त्यात भजी घेऊन खातो. छापील कागदात भजी खाऊ नयेत, हेही मी एका पत्रकात लिहिलं होतं. त्या पत्रकातही लोकांनी भजी खाल्ली.

सांगलीत कॉलेजला असल्यापासून मी हे काम करते. आमचा लहानसा गट आहे आणि मागणी साधी आहे. खाण्याची वस्तू जिथं विकली जाते आणि जिथं साठवली जाते, त्या प्रत्येक जागेची अन्न खात्याकडं नोंद पाहिजे. दुकानाची वेगळी, गोदामाची वेगळी. धंदा छोटा असेल तर नोंदणी, मोठा असेल तर परवाना, पण कागदाशिवाय कुणीही नाही. यात न समजण्यासारखं काय आहे? बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं दुकानाचा परवाना काचेच्या चौकटीत लावला होता आणि मागच्या गल्लीत त्याचं गोदाम होतं, ज्याचा कुठल्याच कागदावर पत्ता नव्हता. तिथं हळकुंडांच्या पोत्यांवर उंदरांनी संसार थाटला होता. आम्ही निवेदनं दिली, दारात उभं राहून घोषणा दिल्या, माझा घसा आठवडाभर बसला. परिणाम एवढाच झाला की त्यानं गोदामाला नवं कुलूप आणलं आणि आमच्यादेखत लावलं.

आणि आमच्या घरात काय झालं? ते सांगते.

आमचं गाव पलूस तालुक्यात, नदीच्या बाजूला. घरचा ऊस आहे. दादा फौजेत आहे, वर्षातून दोनदा सुट्टीवर येतो. त्याच्यासाठी बायको आणली ती वाईची. शहरातल्या घरातली, शिकलेली, हळू बोलणारी. आमच्या घरात ‘आहे’ आणि ‘नाही’ पूर्ण म्हणणारी ती पहिलीच. मीसुद्धा म्हणते, पण मी म्हटलं की आई म्हणते, “लय शानी झालीया.” वहिनीनं म्हटलं की आई खालच्या गल्लीतल्या काकूकडं बघते. ऐकलंस का, असं त्या बघण्यात असतं.

या वहिनीनं आईकडून कांदा-लसणाची चटणी शिकून घेतली. मी या घरात जन्मले, मला कधी शिकवली नाही. आई म्हणते, “तू कवा इचारलंस?” खरंय, मी विचारलं नाही. पण ज्याच्या घरात आपण जन्मतो तिथं विचारावं लागतं काय?

मिरच्या निवडणं, खोबरं-तीळ-धणे भाजणं, कांदा तळणं, सगळं घेऊन डंकावर कुटायला जाणं, या सगळ्यात वहिनी आईच्या मागं-मागं फिरली आणि दोन उन्हाळ्यांत आईच्या पुढं गेली. तिच्या मामाची महाबळेश्वरला टॅक्सी आहे. मामानं दोन किलो चटणी वर नेली आणि तिथल्या एका दुकानदाराला दिली. त्याचा फोन आला. माल चांगला आहे, हवा तेवढा घेतो, पण पाकिटावर अन्न खात्याचा नंबर छापलेला पाहिजे. पाऊस लागायच्या आत नंबर छापलेला थोडा माल आला तर दिवाळीपासून तुमचाच माल ठेवीन, नाहीतर दुसरी पार्टी बघतो.

म्हणजे सगळं त्या नंबरावर आलं. नंबर मिळाला तर वहिनीचा धंदा, नाही मिळाला तर चटणी पुन्हा घरातल्या कालवणात.

आता कुणीही सांगेल की अशा वेळी कुणाला विचारायला हवं होतं. नियम कुणाला पाठ आहेत? कुणाच्या खोलीत त्याच विषयावरच्या पत्रकांचे गठ्ठे छतापर्यंत लागले आहेत? एके दिवशी मी जेवायला बसले, तर वहिनी भाकरी वाढता वाढता म्हणाली, “वन्सं, मी अर्ज केलाय.”

“कसला?”

“मसाल्याच्या खोलीचा. साहेब बघायला येणार आहेत.”

“कुणी भरून दिला?”

“मीच भरला, मोबाईलवर. सोपं आहे हो.”

सोपं आहे! ज्या गोष्टीसाठी मी उन्हात उभी राहिले, ती हिनं कणीक मळता मळता उरकली. मी भाकरी टाकून पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. आई म्हणाली, “तिकट लागलं काय?”

मसाल्याची खोली म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळी गंमत तिथंच झाली. आमचं घर चढावर आहे. खालच्या गल्लीत पुराचं पाणी येतं. एकदा पाणी एवढं आलं की लोक नेसत्या कपड्यांनिशी निघाले आणि परत आले तेव्हा वर्षाच्या चटणीच्या बरण्या चिखलात फुटून पडलेल्या. त्यानंतर काकूनं आपली बरणी आमच्याकडं आणून ठेवली. “तुमच्यात पानी न्हाई येत, ऱ्हाऊ दे हितं.” मग दुसरीनं आणली, तिसरीनं आणली. आता उन्हाळ्यात चटणी कुटून झाली की खालच्या गल्लीतली प्रत्येक बरणी आमच्या त्या दगडी खोलीत येते. आठवड्याला बायका वाटी घेऊन येतात, आपापली बरणी उघडतात, लागेल तेवढी काढतात. कुणाची कुठली हे ओळखायचं बरणीच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यावरून. प्रत्येकीनं आपल्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं. काकूचं जांभळं, काठाला पिवळी रेघ. आमच्या बरणीवर आईच्या विटक्या तांबड्या लुगड्याचं. मला अंधारातही ते हाताला कळायचं.

त्याच खोलीत वहिनीनं आपला माल ठेवला होता. भुईला सिमेंटचा कोबा करून घेतला, खिडकीला बारीक जाळी मारली, पोती ठेवायला लाकडी फळ्यांचे पाट केले, भिंतीपासून हातभर अंतर सोडून मांडले. विहिरीचं पाणी तपासून आणलं. सगळं बरोबर होतं. मी चूक शोधायला गेले होते, खोटं कशाला बोलू? आणि चूक सापडली तेव्हा मला जो आनंद झाला तो गेल्या वर्षभरातला सगळ्यात मोठा होता.

“वहिनी, ह्या बरण्या इथं चालणार नाहीत.”

“का हो?”

“तुझ्या धंद्याच्या मालात परक्याचा माल. कुणाचा, कधीचा, काय घातलंय, काही पत्ता नाही. वर लेबल नाही. साहेब अडवणार.”

आई दारातच होती. “परक्याचा? काकू परकी?”

“नियमात काकू नसती, आई.”

“मग तसला नियम तुज्याच पत्रकात ऱ्हाऊ दे. पावसाच्या तोंडावर बरन्या खाली पाठवू व्हय मी? पुरात?”

वहिनीनं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि बरण्या तिथंच राहिल्या. माझं म्हणणं तिला पटलं होतं आणि तरी ती आईच्या बाजूनं उभी राहिली, गप्प राहून. असं गप्प राहायला मला कुणी शिकवलंच नाही.

साहेब यायचे त्या दिवशी मी सकाळी उठले तर अंगणात शेणाचा वास. पळत गेले. आईनं मसाल्याची खोली शेणानं सारवली होती! नवा कोबा, त्यावर हिरवं ओलं सारवण, हाताची नक्षी अशी की फोटो काढावा, दारात रांगोळी. पदरानं घाम पुसत आई म्हणाली, “सायेब येनार म्हनल्यावर खोली नगं व्हय साजरी करायला?”

“आई! अन्नाच्या खोलीत शेण?”

“शेनानं सारवल्यालं घान? तुझं नाव ठेवलं त्या दिवशी काय फरशीवर ठेवलं हुतं?”

“वहिनी, तू बघितलं नाहीस?”

वहिनीचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. पण सासूनं पहाटे उठून गुडघ्यावर बसून केलेलं काम. ती एवढंच म्हणाली, “आईंनी प्रेमानं केलंय, वन्सं.”

“प्रेमाला रकाना नाही अर्जात,” मी म्हणाले. पत्रकाला शोभेल असं वाक्य होतं. कुणी ऐकलं नाही.

साहेब आले. वयानं दादाएवढेच, मोटारसायकलवरून, धुळीनं भरलेले. मी मनात व्यापाऱ्याच्या गोदामाकडं डोळेझाक करणारा साहेब धरून बसले होते, तो असा नव्हता. आई पुढं झाली. “आवं सायेब, पायातलं भाईर काढा, मालाची खोली हाय.” त्यांनी बूट काढले, मोज्यांवर उंबऱ्यात उभे राहिले, आत बघितलं आणि तिथंच थांबले.

“मावशी, सारवलंय कुणी?”

“मीच की! पाटंच उठून.”

“छान सारवलंय. आमची आईपण अशीच सारवते. पण अंगण सारवा, चूल सारवा, ह्या खोलीत नको. पोटात जायचा माल आहे. कोबा धुऊन स्वच्छ करा.”

“व्हय, व्हय,” आई म्हणाली. “आत्ता धुती. माज्या ध्यानातच न्हाई आलं बगा.”

ध्यानात आलं नाही! मी तासापूर्वी ओरडून सांगितलं होतं! मी सांगितलं तेव्हा आगाऊपणा, साहेबांनी सांगितलं तेव्हा नियम. तीच गोष्ट, तेच शब्द. मोटारसायकलवरून यायला हवं होतं मी.

मग त्यांनी बरण्या बघितल्या. ह्या कुणाच्या? वहिनीनं सांगितलं, पुरापासून सगळं. ते ऐकत होते. एका जांभळ्या फडक्याला हात लावून म्हणाले, “आणि ही कुणाची ते कळतं कसं?”

“फडक्यावरनं,” आई म्हणाली. “ही खालच्या काकूची. ही त्येंच्या जावंची. ही आमची.”

साहेब हसले. “लेबल आहे म्हणायचं. पण ताई, नोंदणी तुमच्या मालाची आहे. उद्या ह्यातल्या एखाद्या चटणीला बुरशी धरली तर जाब तुम्हाला विचारणार. ही खोली फक्त तुमच्या मालाला ठेवा. ह्या दुसरीकडं हलवा. चार-आठ दिवसांत परत येतो, तेव्हा बघून पुढचं करतो.” जाताना म्हणाले, “बाकी तयारी चांगली आहे. कुणाला विचारून केलीत?”

आणि वहिनी काय म्हणाली? “आमच्या वन्संच्या पत्रकात सगळं लिहिलेलं आहे. त्यावरूनच केलं.”

साहेबांनी माझ्याकडं वळून मान हलवली. आई काकूकडं बघते तशी या वेळी माझ्याकडं बघत होती. मला आनंद व्हायला हवा होता ना? माझं पत्रक आख्ख्या जिल्ह्यात एका माणसानं पूर्ण वाचलं, आणि ते ही होती. मला श्रेय द्यायचा मोठेपणासुद्धा तिनंच घेतला. माझ्यासाठी काहीच शिल्लक ठेवत नाही ही बाई.

साहेब गेले आणि घरात बैठक बसली. बरण्या खाली पाठवायच्या नाहीत, यावर आई ठाम. मसाल्याच्या खोलीत ठेवायच्या नाहीत, हे साहेबांचं. पुढच्या सोप्यात ऊन येतं, चटणी काळी पडते. स्वयंपाकघरात जागा नाही. राहिली मागची उत्तरेकडची खोली. दगडी, गार, कोरडी. माझी.

कुणी नाव घेईना. काकू आली होती, ती कोपऱ्यातनं म्हणाली, “आवं, आमी नेताव आमच्या बरन्या. काय हुईल ते हुईल. सुनंचं अडाया नगं आमच्यामुळं.”

आईचे डोळे भरले. मग तिनं हळूच माझ्या खोलीच्या दाराकडं बघितलं. वहिनीनं ते पाहिलं आणि लगेच म्हणाली, “नको आई. वन्संची खोली नको. त्यांचं काम असतं तिथं. मी दुकानदाराला नाही म्हणून सांगते. पुढच्या वर्षी बघू.”

झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हिनं धंदा सोडायचा, माझ्या खोलीसाठी! आणि गल्लीनं वर्षभर म्हणायचं, सून केवढी गुणाची, नणंदेसाठी हातातलं सोडलं. मी त्या खोलीत बसून पत्रकं लिहायची आणि प्रत्येक पत्रकावर हिच्या उपकाराची छाया. मला हे चालणार नव्हतं. मोठेपणा करायचाच असेल तर या घरात माझाही नंबर लागतो.

“कुणी काय सोडायचं नाही,” मी उठले. “बरण्या माझ्या खोलीत.”

“अगं पर तुजं कागद…”

“कागद पलंगाखाली जातील.”

मी स्वतः बरण्या उचलल्या. वहिनी हात लावायला आली तर म्हणाले, “तू कोबा घास. ती तुझी खोली आहे.” तिनं घासला. ब्रश घेऊन, पदर खोचून, दुपारभर. मी फळ्या लावल्या, पत्रकांचे गठ्ठे काढून कपाट रिकामं केलं, मोर्चाचा कर्णा खुंटीवरून उतरवून छपरात टाकला. आई एक गठ्ठा सोडून पत्रकं बरण्यांखाली अंथरायला लागली. “बरं झालं, कागुद हाय.” मी तिच्या हातातून ओढून घेतली. छापील कागद अन्नाला लावायचा नाही! आईनं वहिनीकडं बघितलं. वहिनी मान डोलावत म्हणाली, “बरोबर आहे आई, शाई उतरते.” मग आईला पटलं.

साहेब ठरल्याप्रमाणं परत आले, बघून गेले आणि थोड्या दिवसांत वहिनीच्या मोबाईलवर नंबर आला. चौदा आकडी. कागदावर ती साधी नोंदणी आहे, पण आमच्या गल्लीत तिला परवानाच म्हणतात, आणि मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय. आईनं तो कागद छापून आणवला आणि देव्हाऱ्यात ठेवून हळद-कुंकू वाहिलं. मी सांगितलं, परवाना दर्शनी जागी लावायचा असतो, देवाला काय तपासायचाय? या वेळी वहिनीनं मला पाठिंबा दिला नाही. दुसरी प्रत काढून मसाल्याच्या खोलीच्या दारात लावली. कुणाचंच मन मोडलं नाही. मला असलं जमत नाही, आणि जमावं अशी इच्छा नाही, असं मी म्हणते.

पाऊस लागायच्या आत पाकिटं महाबळेश्वरला गेली. मामाच्या टॅक्सीच्या डिकीत, दोन खोकी. वहिनी गाडी वळेपर्यंत दारात उभी होती. दादाला फोन लावून आधी एवढंच म्हणाली, “गेली.” मला दादा म्हणाला, “खोली दिलीस म्हनं. शाबास गड्या.” माझ्यासाठी एक शाबास, तिच्यासाठी अर्धा तास.

आता माझ्या खोलीत सकाळपासून बायकांची वर्दळ असते. सभेला या म्हणून मी ज्यांच्या दारात गेले आणि ज्या एकदाही आल्या नाहीत, त्या सगळ्या वाटी घेऊन माझ्या खोलीत येतात. “लय गार हाय गं तुज्यात,” म्हणून पलंगावर टेकतात. मी संधी सोडत नाही. तेलाच्या डब्यावरचा नंबर कसा बघायचा, वाण्याला गोदामाचा कागद कसा विचारायचा, सगळं सांगते. काकू ऐकते, मान हलवते. परवा तिनं खरंच वाण्याला विचारलं. तो म्हणाला, “काकू, तुमाला कुनी शिकीवलं?” काकू म्हणाली, “वरच्या सुनंनं.”

सुनेनं! मी तासभर घसा फोडला होता!

“काकू, मी सांगितलं होतं ते.”

“व्हय गं बाय, तूच. पर सुनंचं नाव घेतलं की त्यो वाणी ऐकतोय. तिच्याकडं परवाना हाय न्हवं?”

त्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या बरणीतून चटणी काढायला गेले आणि हात थांबला. बरणीवर आईचं विटकं तांबडं फडकं नव्हतं. पोपटी होतं, बारीक जरीच्या काठाचं. वहिनीच्या साडीचं. बरण्या हलवताना जुनं फाटलं असेल, तिनं नवं बांधलं असेल, त्यात काही वाईट नाही. सगळं मला कळतं. पण माझ्या खोलीत, माझ्या कपाटात, माझ्या घरच्या बरणीवर तिचं फडकं! मी कात्री घेतली. मोर्चाला घालते त्या जुन्या निळ्या कुडत्याची बाही कापली, पोपटी फडकं सोडून निळं बांधलं, पुन्हा पुन्हा गाठ मारली आणि लांबून बघितलं. गल्लीतल्या सगळ्या लुगड्यांत एक निळी बाही.

सकाळी वहिनी वाटी घेऊन आली. बरणीपुढं उभी राहिली. मी टेबलाशी पत्रक लिहीत होते, म्हणजे लिहीत नव्हते, कान तिकडं होते. तिनं चटणी काढली, हिंगाचा खडा वर सारखा केला, निळं फडकं परत ठेवलं.

“वन्सं,” ती म्हणाली, “गाठ सैल होती हो. दमट हवा आत जाईल.”

आणि तिनं माझ्या फडक्याची गाठ आवळून बांधली.